प्राचीन नाण्यांची मांडणी : वेड्यावाकड्या आकारांसाठी होल्डर

यंत्रावर पाडलेले नाणे गोल आणि एकसारख्या जाडीचे असते, त्यामुळे त्याच्या मापाची कॅप्सूल, म्हणजे पारदर्शक गोल डबी, आयती मिळते. प्राचीन नाण्यांच्या बाबतीत ही सोय अनेकदा नसते. भारतातील चांदीची आहत (चिन्हांचे ठसे मारलेली) नाणी पत्रा कापून तयार करत आणि वजन जुळवण्यासाठी त्यांचे कोपरे छाटत. म्हणूनच साधारण ३.३ ग्रॅमच्या दोन कार्षापणांची (अशाच आहत नाण्यांची) वजने जुळतात, आकार जुळत नाहीत. गांधारची शतमान नाणी म्हणजे चांदीच्या वाकवलेल्या पट्ट्या. काळ्या समुद्राकाठच्या ओल्बियात डॉल्फिनच्या आकाराची ओतीव कांस्य नाणी चालत, चीनमध्ये सुरीच्या आणि फावड्याच्या आकाराची. बायझंटाइन साम्राज्यात ११व्या शतकात वाटीसारखी खोलगट नाणी आली. अथेन्सचे घुबडाचे चार द्राख्मांचे नाणे गोलसर आहे खरे, पण सुमारे १७ ग्रॅम वजनाचे आणि चांगलेच जाड.

अशा नाण्याच्या होल्डरकडून तीन अपेक्षा असतात : नाणे हलू नये, त्यावर दाब येऊ नये आणि त्याची कड दिसावी. तिसऱ्या अपेक्षेकडे सर्रास दुर्लक्ष होते, आणि ते योग्य नाही. ओतून केलेल्या बनावट नाण्याच्या कडेवर साच्याच्या जोडाची रेघ राहू शकते. हातोड्याच्या घावाने पडलेली चीर, छाटलेला कोपरा, चांदी खरी आहे का हे पाहायला कोणीतरी घातलेला छेद, हे सारे कडेवरच वाचायला मिळते. कड झाकली की नाण्याची अर्धी साक्ष गेली.

सर्वांत प्रचलित साधन म्हणजे पुठ्ठ्याचे चौकोनी होल्डर. यात पॉलिएस्टरच्या (मायलारच्या) दोन पातळ खिडक्यांमध्ये नाणे ठेवून कडेने स्टेपल मारतात. चपट्या नाण्याला ते चालते. उंच ठशाच्या नाण्यावर मात्र खिडकी ताणली जाते आणि सगळा दाब चेहऱ्याच्या नाकावर किंवा घुबडाच्या डोक्यावर येतो. वाटीसारखे पातळ नाणे त्यात दाबणे म्हणजे तडा ओढवून घेणे. नाणे बाहेर काढताना आधी सगळ्या पिना काढाव्यात. अर्धवट उघडलेल्या पिनेचे टोक जुन्या चांदीवर कायमचा ओरखडा पाडते. पीव्हीसीची मऊ पाकिटे टाळावीत. त्यांतून सुटणाऱ्या आम्लामुळे आणि प्लॅस्टिक मऊ ठेवणाऱ्या द्रव्यांमुळे नाण्यावर हिरवट चिकट थर जमतो.

वेड्यावाकड्या नाण्याला खरा उपाय म्हणजे खोल कॅप्सूलमध्ये पॉलिइथिलीन फोमची कोरलेली चकती. नाण्याचे खऱ्या मापाचे छायाचित्र छापून त्यावरून बाह्यरेषा घ्यावी. नाण्याभोवती थेट पेन्सिल फिरवू नये. खाच बाह्यरेषेपेक्षा केसभर मोठी ठेवावी आणि नाणे तीन-चार ठिकाणीच टेकेल असे पाहावे. एका बाजूला बोटाच्या टोकाएवढी जागा जास्त कोरली की नाणे तिथून अलगद उचलता येते. ती नसली तर माणूस नखाने उचकटायला जातो, आणि शतकानुशतके जमिनीत राहून ठिसूळ झालेल्या चांदीचा टवका उडतो. खोलगट नाण्याचा फुगीर तळ टेकला की ते डुलते, म्हणून त्याला काठाखाली आधार द्यावा. कड दिसावी यासाठी फोमऐवजी चार बारीक दातांवर नाणे तोलणारे पारदर्शक होल्डरही मिळतात. कायमच्या बंद होल्डरात मात्र नाण्याचे वजन पुन्हा करता येत नाही. अभ्यासाच्या संग्रहाला हा तोटा मोठा आहे.

फोम म्हणजे कुठलाही फोम नव्हे. पॉलियुरेथेनचा फोम काही वर्षांत भुगा होतो, आणि गंधक घातलेल्या रबराने चांदी काळवंडते. ब्रिटिश म्युझियममध्ये अँड्र्यू ऑडी यांनी १९७३ साली मांडलेल्या चाचणीत असे साहित्य चांदी, तांबे आणि शिसे यांच्या तुकड्यांसह बंद नळीत ६० अंश सेल्सिअसला २८ दिवस दमट हवेत ठेवतात. धातूवर डाग पडला तर ते साहित्य बाद. सातवाहनांच्या शिशाच्या नाण्यांसारख्या नाण्यांना लाकडाचा विशेष धोका. ओकच्या खणातील आम्लयुक्त वाफेने शिशावर पांढरी भुकटी येते.

संग्रहालयात नाणी अनेकदा ॲक्रिलिकच्या पट्टीवर, नळीचे आवरण घातलेल्या बारीक आकड्यांनी धरून उभी करतात. डिंक किंवा चिकट लगदा वापरू नये. आहत नाण्याच्या पुढच्या बाजूवर बहुधा पाच चिन्हे असतात, मागच्या बाजूवर लहान ठसे. दोन्ही दाखवायचे तर खाली आरसा ठेवावा किंवा मागच्या बाजूचे छायाचित्र शेजारी लावावे. तांब्या-कांस्याच्या नाण्यावर फिकट हिरवी भुकटी दिसली तर तो कांस्यरोग, म्हणजे धातू खात जाणारी गंज, समजावा. असे नाणे कॅप्सूलमध्ये घालून बंद करू नये. आधी त्यावर उपचार करून ४० टक्क्यांहून कमी आर्द्रतेत, इतर नाण्यांपासून वेगळे ठेवावे.