जुने बँड मुंबईत इतके उशिरा का आले

रोलिंग स्टोन्स या रॉक बँडचा मुंबईतला पहिला कार्यक्रम 7 एप्रिल 2003 रोजी ब्रेबॉर्न स्टेडियमवर झाला. बँड सुरू झाला होता 1962 साली, लंडनमध्ये. मुंबईत आले तेव्हा गायक मिक जॅगर आणि गिटारवादक कीथ रिचर्ड्स 59 वर्षांचे होते, ड्रमवादक चार्ली वॉट्स 61 चे. लंडन-न्यूयॉर्कच्या पन्नाशीतल्या रसिकासाठी असा कार्यक्रम म्हणजे तरुणपणी पाहिलेल्या बँडची पुन्हा भेट. मुंबईकराची मात्र ती पहिलीच भेट होती. आपल्याकडे या कार्यक्रमांना आलेली गर्दी समजून घ्यायची तर आधी ही गोष्ट लक्षात घ्यायला हवी.

बँड आले नव्हते, पण गाणी केव्हाच आली होती. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये रेकॉर्ड मिळत. ज्यांना त्या परवडत नसत ते कोऱ्या कॅसेटवर गाणी भरून घेत, आणि ती कॅसेट मित्रांत फिरून फिरून झिजे. प्रत्यक्ष वादन ऐकायचं तर कॉलेजच्या महोत्सवांत, आणि पुढे 1986 साली सुरू झालेल्या इंडिपेंडन्स रॉकमध्ये. हा महोत्सव अनेक वर्षं धोबी तलावच्या रंगभवनात भरे. परदेशी बँडची गाणी तिथे इथल्याच मुलांनी, मिळेल त्या गिटारवर वाजवली. माझ्या मते मुंबईचा रॉकचा श्रोता घडला तो या मुलांमुळे, आणि त्यांचं ऋण फारसं कोणी मानत नाही.

मूळ बँड न येण्याचं मोठं कारण पैशाचं होतं. 1973 च्या परकीय चलन कायद्यामुळे डॉलर-पौंडांत मानधन द्यायचं तर सरकारी परवानगीची वाट धरावी लागे. तिकिटं रुपयांत विकून तो खर्च भरून निघणंही अवघड. लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट 1972 साली मुंबईत आले, इथल्या वादकांना घेऊन त्यांनी ध्वनिमुद्रणही केलं. पण अख्ख्या बँडचा कार्यक्रम इथे कधीच झाला नाही. ऐन भरातला बँड मुंबईने पाहिला तो 1980 च्या मार्चमध्ये. ‘द पोलिस’ला इथे आणलं होतं टाइम अँड टॅलंट्स क्लब या महिलांच्या सेवाभावी संस्थेने. असे अपवाद विरळाच.

1991 नंतर चलनाची बंधनं सैल झाली, उपग्रह वाहिन्या घरात आल्या, कंपन्या प्रायोजक म्हणून पुढे झाल्या. 1995 मध्ये डीप पर्पल आले, तोवर त्यांचे गिटारवादक रिची ब्लॅकमोर बँड सोडून गेलेले होते.

पुढचा बदल तिकडच्या बाजारातला. 1999 मध्ये इंटरनेटवरून गाणी एकमेकांना देण्याची नॅपस्टर ही सेवा आली, गाणी फुकट फिरू लागली, सीडीचा खप उतरला. बँडची कमाई दौऱ्यांवर येऊन ठेपली, आणि मोडलेले बँडही पुन्हा जुळू लागले. ‘द पोलिस’ 2007 मध्ये पुन्हा एकत्र आले ते याच काळात. दौऱ्यांच्या नकाशावर नवी शहरं हवी होती आणि मुंबई तयारच होती. आयर्न मेडनने मुख्यतः 1980 च्या दशकातल्या गाण्यांवर बेतलेला जागतिक दौरा 1 फेब्रुवारी 2008 रोजी वांद्रे-कुर्ला संकुलातून सुरू केला. बँडचं विमान गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः चालवत. ज्या शहरात ही गाणी कॅसेटवर पाठ झाली, तिथूनच दौऱ्याची सुरुवात व्हावी, याचा मला आजही आनंद वाटतो.

गन्स एन’ रोझेसचा पहिला अल्बम 1987 चा. 2012 च्या डिसेंबरमध्ये ते मुंबईत आले, पण गिटारवादक स्लॅशविना. तो 1996 सालीच बाहेर पडला होता. 2016 मध्ये तो आणि बासवादक डफ मकॅगन परतले, आणि 17 मे 2025 रोजी महालक्ष्मी रेसकोर्सवर गायक ॲक्सल रोझ, स्लॅश आणि डफ हे तिघे एकत्र मुंबईसमोर उभे राहिले. पहिल्या अल्बमनंतर 38 वर्षांनी.