स्कॅन साफ आला तरी नाकात डोकवा

नाशिकच्या कांदाचाळीत कांदा निवडताना सालीवरची काळी भुकटी बोटांना लागते. ती अ‍ॅस्परजिलस नायजर नावाची बुरशी. तिच्या भाऊबंदांचे बीजाणू आपण रोजच श्वासातून घेतो, आणि पांढऱ्या पेशी ते निस्तरतात. पण मुलांच्या ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कर्करोगाच्या) केमोत न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) रक्ताच्या एका मायक्रोलिटरमागे ५००च्या खाली जाऊन आठ-दहा दिवस तिथेच रेंगाळले, की बुरशी नाकाच्या अस्तरातून रक्तवाहिन्यांत शिरते, त्या बुजवते आणि त्यांच्यापुढचा, रक्त न मिळालेला भाग मरतो. २०२१मध्ये शहराने पाहिलेला म्युकर (दुसऱ्या एका बुरशीचा आजार) बहुतेक मधुमेही प्रौढांचा होता. केमोतल्या मुलांची गोष्ट वेगळी.

सूज आणि पू हे पांढऱ्या पेशींचंच काम. पेशीच नाहीत, तर सीटीवर दिसणार काय? म्हणून सुरुवातीचा स्कॅन जवळजवळ साफ येऊ शकतो. उलट, सर्दीने भरलेले सायनस (नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्या) तर पावसाळ्यात अर्ध्या वर्गाचे सापडतील. साधा एक्स-रे काढूच नये. कपाळातला सायनस सहा-सात वर्षांपर्यंत धड तयारही नसतो.

सीटी आधी, कारण तो काही सेकंदांत होतो. एकाच बाजूचं जाड अस्तर शोधायचं, आणि मुख्य म्हणजे गालाच्या सायनसमागची चरबी. ती धूसर झाली असेल तर हाड शाबूत असूनही बुरशी वाहिन्यांच्या वाटेने बाहेर पडलेली असू शकते. हाड झिजलेलं दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

एमआरआयमध्ये गॅडोलिनियम (शिरेतून द्यायचं, चित्र उजळवणारं औषध) दिल्यावर नाकातली टर्बिनेटची (नाकाच्या बाजूच्या भिंतीवरची) घडी उजळते. मेलेली घडी काळीच राहते. मात्र निरोगी घडीतही एखादा छोटा ठिपका उजळत नाही, तेव्हा दुसऱ्या बाजूशी ताडून पाहावं. दुसरी फसगत टी-टू चित्रांत (एमआरआयचा एक प्रकार, ज्यात पाणी उजळ दिसतं) होते: बुरशीतल्या लोह-मँगनीजमुळे भरलेला सायनस हवेसारखा काळा दिसतो. डोळ्याची खोबण आणि कॅव्हर्नस सायनस (मेंदूच्या तळाशी असलेली शिरांची पोकळी) एमआरआयमध्येच नीट कळतात. लहान मुलाला भूल लागते: जेवण ६ तास आधी बंद, आईचं दूध ४, पाणी २. अ‍ॅम्फोटेरिसिन हे बुरशीविरोधी औषध चालू असेल तर ते किडनीला त्रास देतं, म्हणून गॅडोलिनियमआधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघावं.

बुरशीची जात स्कॅन सांगत नाही. ती नाकात घातलेल्या दुर्बिणीने घेतलेल्या तुकड्यावरून, केओएच तपासणीत (तुकडा रसायनात विरघळवून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं) काही तासांत कळते: रुंद, पडदे नसल्यासारखे तंतू म्हणजे म्युकर, अरुंद, पडदेवाले आणि तिरक्या फांद्यांचे बहुधा अ‍ॅस्परजिलस. व्होरिकोनाझोल हे अ‍ॅस्परजिलसवरचं औषध म्युकरवर चालत नाही, म्हणून हा फरक लागतो. प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) कमी असतील तर त्या चढवून तुकडा घ्यावा.

अँटिबायोटिक देऊनही चार दिवस ताप, गाल बधिर, टाळूवर काळा डाग किंवा एका डोळ्याभोवती सूज असेल, तर स्कॅन साफ असला तरी दुर्बीण त्याच दिवशी घालावी.