प्लास्टिक कागद व ताडपत्री (कोकण किनारा)

पाणी, वारा व ओल अडविण्यासाठी वापरले जाणारे, लांबी-रुंदीच्या मानाने अत्यल्प जाडीचे प्लास्टिकचे पत्रे. पातळ व एकसंध पत्र्याला बाजारात ‘कागद’ म्हणतात. विणलेल्या किंवा अनेक थरांच्या दणकट पत्र्याला ‘ताडपत्री’ व कापडावर प्लास्टिकचा लेप दिलेल्या पत्र्याला ‘मेणकापड’ ही नावे रूढ आहेत. ‘सिल्पॉलिन’ हे वास्तविक एका कंपनीच्या उत्पादनाचे नाव. पण डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत कोणत्याही जाड कागदाला ते सर्रास लावले जाते. अशी सरमिसळ झाल्याने नावावरून मालाचा प्रकार ओळखता येत नाही.

पूर्वीची साधने : दक्षिण कोकणात वर्षाला सरासरी 3,000 मिमी.च्या आसपास पाऊस पडतो व त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. पडवी आणि ओटा यांच्या उघड्या बाजूंनी आत येणारी झड थोपविण्यासाठी माडाच्या विणलेल्या झावळ्यांच्या (मालवणी मुलखात चुडतांच्या) झडी बांधीत. लावणीला शेतात बांबूच्या कामट्यांचे व पानांचे इरले किंवा घोंगडीची खोळ असे. मिठागरांतील मिठाच्या राशी गवताने आणि किनाऱ्यावर ओढलेल्या होड्या झावळ्यांनी शाकारीत. ही साधने दरवर्षी नव्याने करावी लागत. मात्र त्यांतून हवा खेळत असे. प्लास्टिकच्या वापरातील पुष्कळशा अडचणींचे मूळ नेमके या फरकात आहे.

इतिहास : या पत्र्यांचा मुख्य कच्चा माल पॉलिएथिलीन होय. जर्मन रसायनशास्त्रज्ञ हान्स फोन पेखमान यांना 1898 मध्ये डायअ‍ॅझोमिथेनावर काम करताना एक पांढरा मेणचट पदार्थ मिळाला होता. काही ग्रंथांत हाच पॉलिएथिलीनचा शोध मानला आहे. रासायनिक दृष्ट्या ते चूक नव्हे. परंतु ती पद्धत उद्योगात कधीच उतरली नाही. त्यामुळे इंग्लंडमधील नॉर्थविच येथे इंपीरिअल केमिकल इंडस्ट्रीजच्या प्रयोगशाळेत एरिक फॉसेट व रेजिनाल्ड गिब्सन यांनी मार्च 1933 मध्ये अतिउच्च दाबाखाली एथिलिनावर केलेल्या प्रयोगापासून आरंभ धरणे अधिक सयुक्तिक ठरते. हा प्रयोग पुन्हा जमेना. पात्रात ऑक्सिजनाचा अंश असणे त्याला आवश्यक होते, हे 1935 नंतर उमगले. व्यापारी उत्पादन 1939 मध्ये सुरू झाले व ते प्रारंभी रडारच्या केबलींच्या निरोधनासाठी (वीज बाहेर जाऊ न देणाऱ्या वेष्टनासाठी) खर्ची पडले.

उच्च घनतेच्या पॉलिएथिलिनाच्या जनकत्वाबद्दल मतभेद आहेत. युरोपीय परंपरेतील ग्रंथ कार्ल त्सीग्लर यांना (1953) मान देतात, तर अमेरिकी ग्रंथांत फिलिप्स पेट्रोलियम कंपनीतील पॉल होगन व रॉबर्ट बँक्स यांचे 1951 चे काम आधी येते. तारखा पाहता फिलिप्सचा दावा पुढे राहतो. त्सीग्लर यांची कमी दाबाची पद्धत स्वतंत्र व सैद्धांतिक दृष्ट्या अधिक फलदायी होती आणि तिच्या पायावर पुढे जूल्यो नाट्टा यांनी काम केले. त्या दोघांना 1963 चे नोबेल पारितोषिक मिळाले. ताडपत्रीच्या दृष्टीने या वादाचे महत्त्व एवढेच, की ताणून धागा करता येईल असे पॉलिएथिलीन याच दशकात हाती आले.

कोकणात प्लास्टिक कागदाचा प्रसार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, बहुधा 1970 नंतर, मुंबईच्या बाजारपेठेमार्फत झाला असावा. खतांच्या पोत्यांतील आतल्या पिशव्या उसवून केलेल्या खोळी हा त्याचा सर्वांत जुना व स्वस्त अवतार म्हणता येईल. पुढे रायगड जिल्ह्यातील नागोठणे येथे 1990 च्या सुमारास इंडियन पेट्रोकेमिकल्स कॉर्पोरेशनचे संकुल कार्यान्वित झाले. मुंबई हायच्या नैसर्गिक वायूतून वेगळ्या काढलेल्या ईथेन-प्रोपेनपासून तेथे पॉलिएथिलीन बनू लागले. 2007 मध्ये ही कंपनी रिलायन्समध्ये विलीन झाली.

प्रकार : अल्प घनतेच्या पॉलिएथिलिनाचा (घनता सु. 0.92) कागद वितळलेल्या प्लास्टिकचा फुगा फुगवून तयार करतात. तो नळीच्या रूपात येतो व एका बाजूने चिरला की दुप्पट रुंदीचा होतो. दुकानातील गुंडाळीवर मधोमध दिसणारी घडी या नळीचीच खूण असते आणि कागद बहुधा त्याच घडीवर प्रथम फाटतो. लवचिकपणा व पारदर्शकता हे याचे गुण, तर एकदा चीर गेली की ती पुढे धावते हा दोष.

विणलेली ताडपत्री उच्च घनतेच्या पॉलिएथिलिनाच्या (0.94 ते 0.965) ताणलेल्या चपट्या पट्ट्यांची असते. विणीतून पाणी झिरपते, म्हणून दोन्ही अंगांना अल्प घनतेच्या पॉलिएथिलिनाचा लेप देतात. पाणी अडते ते लेपामुळे, विणीने केवळ बळ येते. लेप घासला गेला, की ताडपत्री अखंड दिसत असूनही ठिबकू लागते. हिच्यासाठी भारतीय मानक आयएस 7903 आहे.

तिरप्या थरांच्या कागदात विणकाम नसते. एका दिशेने ताणलेले पातळ थर परस्परांशी कोन करून चिकटवितात. डॅनिश संशोधक ओले-बेंट रासमुसेन यांच्या कामातून पुढे आलेल्या या तंत्रामुळे एका थरात सुरू झालेली चीर दुसऱ्या थरात अडते. वजनाच्या मानाने हा कागद सर्वांत चिवट ठरतो.

पॉलिव्हिनिल क्लोराइड (पीव्हीसी) हे मेणकापडाच्या लेपाचे प्लास्टिक मुळात कडक असते. वॉल्डो सेमन यांनी 1926 च्या सुमारास त्यात मृदुकारी द्रव्ये मिसळून ते लवचिक केले. ही द्रव्ये उन्हात हळूहळू निघून जातात व मेणकापड कडक होऊन घडीवर तडकते. जाहिरातीचे फ्लेक्स याच कुळातील. निवडणूक झाली, की ते गोठ्याच्या आणि लाकडांच्या खोपीच्या झडीला लागतात. छापील बाजू आत ठेवण्याची पद्धत आहे, आणि त्यामुळे गुरांना चार महिने उमेदवाराचे दर्शन घडते.

पॉलिएथिलीन व पीव्हीसी यांतला भेद बादलीभर पाण्यात कळतो. बोटाएवढा तुकडा बुडवून, चिकटलेले बुडबुडे झटकून सोडल्यास पॉलिएथिलीन वर येते, पीव्हीसी तळाला बसते. फ्लेक्सचा तुकडा घेतल्यास कडांना बाहेर डोकावणारे दोरे दाबून हवा काढावी लागते, नाहीतर तोही काही काळ तरंगतो.

जाडी व वजन : खरेदीत सर्वाधिक घोटाळा येथे होतो. कागदाची जाडी गेज किंवा मायक्रॉनमध्ये, तर ताडपत्रीचे वजन जीएसएममध्ये (दर चौरस मीटरला ग्रॅम) सांगतात. एक गेज म्हणजे इंचाचा एक लक्षांश. म्हणजे 100 गेज सु. 25 मायक्रॉन, 500 गेज सु. 127 मायक्रॉन, 1,000 गेज सु. 254 मायक्रॉन. पाव मिलिमीटरचा कागद ‘हजारी’ म्हणून पुढे आला, की गिऱ्हाइकाला तो एक हजार मायक्रॉनचा भासतो. अल्प घनतेच्या पॉलिएथिलिनाच्या एकसंध कागदात एका मायक्रॉनला दर चौरस मीटरमागे सु. 0.92 ग्रॅम वजन भरते. विणलेल्या ताडपत्रीला हे गणित लागू करू नये, कारण विणीत पोकळी असते.

वजनाची शहानिशा मात्र कोणालाही करता येते. 18 × 24 फूट ताडपत्रीचे क्षेत्रफळ सु. 40 चौरस मीटर भरते. ती 250 जीएसएमची असेल, तर काट्यावर साधारण 10 किलो भरली पाहिजे. 6 किलो भरल्यास माल 150 जीएसएमचा समजावा. या कसोटीलाही एक पळवाट आहे. प्लास्टिकमध्ये खडूची भुकटी (कॅल्शियम कार्बोनेट) मिसळली, की वजन वाढते व ताकद घटते. असा माल घडी मोडताच घडीवर पांढरा पडतो.

ऊन व झीज : ताडपत्री पावसाने कुजते असा समज सार्वत्रिक असला, तरी पॉलिएथिलिनावर पाण्याचा परिणाम जवळजवळ होत नाही. त्याचा खरा शत्रू सूर्यप्रकाशातील जंबुपार (अतिनील) किरण. शुद्ध पॉलिएथिलीन हे किरण फारसे शोषत नाही. परंतु उत्पादनाच्या वेळी उष्णतेने त्यात कार्बोनिल व हायड्रोपेरॉक्साइड गटांचे अंश निर्माण झालेले असतात आणि ते शोषतात. त्यातून मुक्त मूलके (अतिशय क्रियाशील रेणुखंड) सुटतात, हवेतील ऑक्सिजन त्यांना मिळतो व लांब रेणुशृंखला तुटत जातात. वरून काही दिसत नाही. पुढे एके दिवशी कागद हाताने कुस्करला जाऊ लागतो.

यावर सर्वांत जुना व भरवशाचा उपाय काजळीचा. 2 ते 2.5 टक्के बारीक काजळी नीट मिसळलेली असल्यास किरण पृष्ठभागापाशीच शोषले जातात. काळा कागद इतरांपेक्षा दीर्घकाळ टिकतो तो यामुळे. पारदर्शक व रंगीत मालात काजळी चालत नाही, म्हणून ‘हाल्स’ या संक्षिप्त नावाची अमाइन-गटातील संरक्षके घालतात. गंधक वा क्लोरीन असलेल्या कीटकनाशकांच्या फवाऱ्याने ती निष्प्रभ होतात. हरितगृहाचा कागद अपेक्षेआधी गेल्याच्या तक्रारींत हे कारण तपासले जात नाही.

कोकणात पावसाळाभर ढगांचे आवरण असल्याने झिजेचा मुख्य काळ ऑक्टोबर ते मे हा असतो. काम संपल्यावर गोठ्यावर तशीच राहिलेली ताडपत्री पुढच्या मृगापर्यंत बरीचशी निकामी झालेली असते. काढून, वाळवून, सावलीत घडी घातलेली कितीतरी अधिक पावसाळे काढते. दुसरे कारण वारा. सैल बांधलेली ताडपत्री फडफडत राहते व आयलेटच्या (दोरी ओवण्याच्या भोकातील धातूच्या कडीच्या) भोवती किंवा वाशाच्या कडेवर लेप घासला जातो. खाऱ्या हवेत हलक्या धातूची आयलेट गंजून आधी सुटतात. म्हणून अनुभवी माणसे आयलेटवर विसंबत नाहीत. कोपऱ्यात गुळगुळीत गोटा किंवा सुपारी कागदात गुंडाळून तिच्या मानेला दोरी बांधतात. ताण एका भोकावर न येता पसरतो.

उपयोग : भातशेतीत कापणीनंतरच्या परतीच्या पावसात भारे झाकण्यासाठी, तसेच सारवलेल्या खळ्याऐवजी झोडणीसाठी ताडपत्री वापरतात. लावणी यंत्राची चटई-रोपवाटिका प्लास्टिक कागदावर मातीचा पातळ थर देऊन करतात. भातानंतरच्या कलिंगडाला रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांत 25 ते 30 मायक्रॉनचे रुपेरी-काळे आच्छादन दिसते. रुपेरी बाजू वर ठेवल्याने परावर्तित प्रकाशामुळे मावा व फुलकिडे कमी येतात. काळ्या बाजूमुळे तण उगवत नाही.

पाणी साठविण्याच्या बाबतीत कोकणचा प्रश्न विशेष आहे. जांभा सच्छिद्र असल्याने खणलेले तळे पावसाळा संपताच रिकामे होऊ लागते. म्हणून शेततळ्याला अस्तर लागते व शासकीय योजनांत त्यासाठी आयएस 15351 प्रमाणे 500 मायक्रॉनचा प्रबलित कागद विहित केलेला आहे. आंबा-काजूच्या नव्या कलमांसाठी डोंगरउतारावर लहान अस्तरित जलकुंडेही खणतात. अस्तर अंथरण्यापूर्वी जांभ्याचे टोकदार खडे वेचून मऊ मातीचा थर द्यावा लागतो, कडा चर खणून त्यात पुराव्या लागतात व जोड उष्णतेने सांधावे लागतात. उंदीर व खेकडे यांचा उपद्रव होतोच. दुर्लक्षित राहणारी बाब अशी, की जुलैत भूजल वर आले आणि तळे त्या वेळी रिकामे वा अर्धे असले, तर खालच्या पाण्याच्या दाबाने अस्तर फुगून वर उचलले जाते. त्यासाठी तळाखाली निचऱ्याची सोय हवी, किंवा पहिल्या पावसातच तळे भरू द्यावे. कोळंबी संवर्धनाच्या तळ्यांतही असे अस्तर वापरतात.

मासळी वाळविण्याच्या कामात कागदाचे स्थान मर्यादित आहे. बोंबील वलांडीवर (बांबूंच्या उंच मांडणीवर) टांगले जातात. जवळा जमिनीवर पसरतात, त्याखाली ताडपत्री किंवा जाळे असते. ताडपत्रीवर वाळू लागत नाही, पण खालून हवा मिळत नसल्याने वारंवार उलथावे लागते. रात्री घट्ट झाकलेल्या मासळीला किंवा आमसुलांना कागदाच्या आतल्या अंगाला धरलेल्या दवाचे पाणी लागते व बुरशी येते. आच्छादन दांडीवर उचलून बाजू उघड्या ठेवाव्यात. खाद्यवस्तूंखाली भंगारापासून बनविलेला रंगीत कागद घेऊ नये.

1 जूनपासून मासेमारी बंदी लागली, की किनाऱ्यावर घेतलेल्या होड्यांवर आता निळी-पिवळी ताडपत्री चढते. 3 जून 2020 रोजी श्रीवर्धन-दिवेआगर परिसरात धडकलेल्या निसर्ग चक्रीवादळात कौले व पत्रे उडालेल्या घरांना पावसाळ्याच्या तोंडावर ताडपत्रीचाच आधार घ्यावा लागला. असे छप्पर तात्पुरते असते. उतार पुरेसा नसल्यास पाण्याचे ओझे खोलगट भागात साचून वासे मोडतात.

विल्हेवाट : राज्याच्या 2018 च्या व केंद्राच्या 1 जुलै 2022 पासूनच्या बंदीचा रोख पिशव्या व एकदाच वापरून टाकायच्या वस्तूंवर आहे, ताडपत्री व शेततळ्याचे अस्तर त्यांत येत नाही. केंद्राच्या यादीत 100 मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी फलकांचा मात्र समावेश आहे. विणलेली ताडपत्री पॉलिएथिलिनाचीच असल्याने वितळवून पुन्हा वापरता येते व भंगारवाला ती घेतो. मातीने माखलेले आच्छादन तो घेत नाही, त्यामुळे ते बांधावर जाळले जाते किंवा नांगरटीत मातीत मिसळते. पीव्हीसी जाळल्यास हायड्रोजन क्लोराइड हा दाहक वायू सुटतो व डायॉक्सिने ही विषारी संयुगे तयार होऊ शकतात. पाणी तापवायच्या चुलीत जुन्या फ्लेक्सचे तुकडे घालण्याची सवय म्हणूनच घातक आहे.