दोन गावांच्या मधे सायकल मार्ग हवा असेल तर: अर्ज कुठे, ठराव कोणाचे, कागद कोणते

सांगली ते जयसिंगपूर म्हणजे दहा-बारा किलोमीटर, सायकलने साधारण पाऊण तास. वाटेत अंकली, मग कृष्णेवरचा पूल, पलीकडे उदगाव. हा पूल ओलांडला की जिल्हाच बदलतो. अलीकडे सांगली जिल्ह्यातला मिरज तालुका, पलीकडे कोल्हापूर जिल्ह्यातला शिरोळ तालुका. गळीत हंगामात या पट्ट्यातल्या रस्त्यांवरून दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर जातात. तेव्हा शाळा-कॉलेजला निघालेली पोरं आणि कामावर जाणारी माणसं साइडपट्टीच्या मातीत उतरून सायकल चालवतात. मीही चालवली आहे. म्हणून उदाहरणाला हाच रस्ता घेते. तुमची गावं वेगळी असतील, पण पायऱ्या बहुतेक याच.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. शौचालय किंवा विहिरीच्या योजनेसारखा सायकल मार्गाचा छापील अर्ज नसतो. नागरिकांचं निवेदन, स्थानिक संस्थांचे ठराव, बांधकाम खात्याचं अंदाजपत्रक आणि शेवटी निधी, अशा क्रमाने काम सरकतं. यातली एक पायरी गाळली तर पुढच्या टेबलावरून कागद परत येतो.

कोण मागणी करू शकतं

कोणीही. मंडळाची नोंदणी, लेटरहेड, अध्यक्ष-सचिव यातलं काहीच सक्तीचं नाही. पाच-सहा जणांनी सह्या करून दिलेलं निवेदनही आवक नोंदवहीत चढतं. मात्र ग्रामसभेत मत देण्यासाठी त्या गावच्या मतदार यादीत नाव लागतं, त्यामुळे अंकली आणि उदगाव दोन्हीकडचे मतदार तुमच्या गटात हवेत. शहरातली मंडळी खूप आणि मधल्या गावांतलं कोणीच नाही, असा गट ग्रामसभेत उपरा ठरतो. दूध घालायला जाणारे, कारखान्यातले कामगार, नववी-दहावीच्या मुलींचे पालक यांना सुरुवातीपासून सोबत घ्या. रोजची सायकल त्यांचीच असते.

रस्ता कोणाचा, हे आधी शोधा

राज्य महामार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. शहराच्या हद्दीतले रस्ते महापालिका किंवा नगरपरिषदेकडे. राष्ट्रीय महामार्ग असेल तर केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाची संमती लागते. एकाच रस्त्याचे तुकडे वेगवेगळ्या कार्यालयांकडे असणं हे नेहमीचंच आहे. बोर्डावर विसंबू नका, लेखी उत्तर घ्या.

त्यासाठी माहितीचा अधिकार वापरा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. विषय ठेवा ‘अमुक ते अमुक रस्त्याची सद्यस्थिती’ आणि एवढंच विचारा: रस्त्याचा दर्जा आणि क्रमांक काय, गावनिहाय ताब्यातली रुंदी किती, रुंदीकरणाचं काम मंजूर आहे का, पूल कोणाच्या अखत्यारीत आहे आणि त्याची रुंदी किती, शेवटच्या वाहतूक गणनेत सायकली किती आढळल्या. दोन जिल्हे असतील तर दोन स्वतंत्र अर्ज करा, कारण सांगलीच्या कार्यालयात उदगावच्या तुकड्याची माहिती असेलच असं नाही.

रुंदीकरण आधीच मंजूर असेल तर वेळ न घालवता तिकडे वळा. नव्या कामाच्या आराखड्यात सायकल मार्ग बसवून घेणं हे नंतर वेगळं काम मंजूर करून घेण्यापेक्षा कितीतरी सोपं असतं.

पूल आधी, बाकीचं नंतर

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. दोन गावांमधला सायकल मार्ग बहुतेक वेळा हद्दीवर तुटतो. दोन्ही बाजूंची कार्यालयं आपापला सोपा तुकडा करून देतात आणि मधला पूल, ओढा किंवा रेल्वेचं फाटक तसंच राहतं. नेमक्या सर्वांत धोक्याच्या दोन-तीनशे मीटरवर सायकलवाल्याला पुन्हा ट्रॅक्टरच्या शेजारी यावं लागतं. असा मार्ग आई-बाप मुलांना वापरू देत नाहीत. मग ‘सायकल मार्ग केला, पण वापरतंय कोण’ असा शेरा फाइलवर पडतो.

म्हणून निवेदनाची सुरुवातच पुलापासून करा. पुलावर वेगळी मार्गिका निघते का? कठड्याबाहेर सायकल आणि पादचाऱ्यांसाठी अरुंद जोडपूल बसतो का? याचं तांत्रिक उत्तर अभियंत्यांनी द्यायचं, पण प्रश्न लेखी विचारायचा तुम्ही.

कृष्णाकाठी याला आणखी एक बाजू आहे. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर इथल्या लोकांनी घरात पाणी घेऊन पाहिलेत. नदीकाठावर जलसंपदा विभागाने आखलेल्या पूररेषा असतात: २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत भराव टाकून मार्ग उंच करायचा म्हटलं की पाणी तुंबण्याचा प्रश्न उभा राहतो आणि तो रास्तच आहे. शेतकरी विरोध करतील आणि त्यांचं बरोबरही असेल. निवेदनातच लिहा की पूरक्षेत्रात मार्ग आहे त्या जमिनीच्या पातळीवर, भराव न टाकता, काँक्रीटचा असावा. पुराच्या दिवसांत तो पाण्याखाली जाईल, हे मान्य करून लिहा. वर्षातले थोडे दिवस बंद राहणारा मार्ग शेजारच्या शेतात पाणी ढकलणाऱ्या मार्गापेक्षा बरा. पूररेषांच्या नकाशासाठी पाटबंधारे विभागाकडे मागणी करा.

ठराव: चार सभा, एकच मजकूर

आपल्या उदाहरणात किमान चार ठराव लागतात: सांगली मिरज आणि कुपवाड महापालिका, अंकली ग्रामपंचायत, उदगाव ग्रामपंचायत आणि जयसिंगपूर नगरपरिषद. गाव नकाशावर आखणी लावून बघा, आणखी एखाद्या गावाची हद्द लागत असेल तर तिथलाही.

ग्रामसभा वर्षातून किमान चार होतात, बहुतेक गावांत २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या आसपास. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातली जी संख्या कमी ती. विषय ऐन वेळी मांडू नका. सभेची सूचना निघण्याआधीच ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचं पदनाम ग्रामसेवक) लेखी देऊन विषयपत्रिकेवर घ्यायला लावा. महापालिका आणि नगरपरिषदेत तुमच्या प्रभागाचे नगरसेवक विषय मांडू शकतात. निवडून आलेली सभा नसून प्रशासक कारभार बघत असतील तर निवेदन थेट त्यांना.

चारही ठरावांचा मजकूर शब्दशः एकच हवा. एका गावाने ‘रस्ता रुंदीकरण’ लिहिलं आणि दुसऱ्याने ‘जॉगिंग ट्रॅक’, तर मंजुरी देणाऱ्याला ती दोन कामं दिसतात. असा मसुदा चालेल:

‘सांगली ते जयसिंगपूर या मार्गावर, कृष्णा नदीवरील अंकली–उदगाव पुलासह, वाहनांच्या रस्त्यापासून वेगळा व दोन्ही दिशांनी वापरता येईल असा सलग सायकल मार्ग करावा, अशी ही सभा शिफारस करते. आपल्या हद्दीतील शासकीय जागा त्यासाठी उपलब्ध करून देण्यास व मार्गाच्या स्वच्छतेची जबाबदारी घेण्यास ही सभा तयार आहे.’

खाली सूचक, अनुमोदक, ठराव क्रमांक, तारीख आणि शिक्का. सही-शिक्क्याची प्रत हातात येईपर्यंत ठराव झाला असं धरू नका.

कागदपत्रं

निवेदनासोबत चारही ठरावांच्या प्रती, माहिती अधिकारात मिळालेली उत्तरं आणि गाव नकाशावर रंगाने काढलेली आखणी जोडा. नकाशे महाभूनकाशा संकेतस्थळावर दिसतात. आखणी खाजगी जमिनीतून जात असेल तर त्या गटांचे सातबारे (डिजिटल सही असलेला उतारा १५ रुपयांत मिळतो) आणि शेतकऱ्यांची लेखी संमती. शक्यतो खाजगी जमीन टाळाच. रस्त्याच्या ताब्यातल्या रुंदीत मार्ग बसत असेल तर भूसंपादनाची वर्षं वाचतात. शाळा-कॉलेजांची पत्रं घ्या, त्यात रोज सायकलने येणाऱ्या विद्यार्थ्यांचा आकडा मुख्याध्यापकांच्या सहीने असू द्या.

सगळ्यात वजनदार कागद मात्र तुम्ही स्वतः तयार करायचा असतो: सायकलींची मोजणी. पुलाच्या तोंडाशी दोघं जण बसा. सलग तीन कामाचे दिवस, सकाळी सात ते दहा आणि संध्याकाळी पाच ते सात. मुलगे, मुली, पुरुष, बाया असे वेगळे रकाने करा. सायकल हातात धरून चालत पूल ओलांडणाऱ्यांसाठी एक रकाना जरूर ठेवा. पूल किती भीतीचा आहे ते त्या रकान्यात दिसतं. दोन्ही बाजूंच्या पोलीस ठाण्यांकडून मागच्या पाच वर्षांतल्या सायकलस्वारांच्या अपघातांची नोंद मागवून सोबत लावा.

रुंदी किती मागायची? समोरासमोरून येणाऱ्या दोन सायकली आणि त्यातल्या एकीला दुधाचे कॅन, एवढं सहज जावं म्हणून तीन मीटर लिहा. भारतीय रस्ते काँग्रेसचं सायकल मार्गांसाठीचं मार्गदर्शक म्हणजे आयआरसी ११. आराखडा त्याप्रमाणे करावा, असं एक वाक्य निवेदनात असू द्या.

झाडं आडवी येत असतील तर शहरात वृक्ष प्राधिकरणाची आणि गावात सक्षम वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. आखणी थोडी वळवून झाड वाचत असेल तर वळवा. उन्हाळ्यात सायकलवाल्याला तीच सावली लागणार आहे.

निधी आणि मान्यता

कामाचा क्रम असा: सर्वेक्षण, अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश. निधी जिल्हा वार्षिक योजनेतून, राज्याच्या अर्थसंकल्पातून किंवा आमदार-खासदार निधीतून येऊ शकतो. जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष पालकमंत्री, सदस्य सचिव जिल्हाधिकारी. पुढच्या वर्षाचा आराखडा साधारण हिवाळ्यात ठरतो, म्हणून प्रस्ताव दिवाळीच्या आत पोहोचवा. दोन जिल्हे म्हणजे दोन समित्या, दोन पालकमंत्री. सांगली शहर सांगली लोकसभा मतदारसंघात आणि शिरोळ हातकणंगले मतदारसंघात, म्हणजे खासदारही दोन. दोन्ही जिल्हे पुणे महसूल विभागात येतात, तेव्हा समन्वयासाठी विभागीय आयुक्तांना प्रत पाठवा.

कागद अडकला तर

प्रत्येक कार्यालयात दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. पोच नसेल तर अर्ज दिलाच नव्हता असं समजलं जातं. राज्याच्या २००५ च्या विलंब प्रतिबंध कायद्यानुसार शासकीय कर्मचाऱ्याकडे फाइल साधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये. स्मरणपत्रात या कायद्याचा उल्लेख करा. लोकशाही दिनावर, म्हणजे अधिकारी नागरिकांच्या तक्रारी समोरासमोर ऐकतात त्या ठरलेल्या दिवसावर, फार भिस्त ठेवू नका, तिथे वैयक्तिक स्वरूपाची तक्रार अपेक्षित असते. माहिती अधिकाराचं उत्तर ३० दिवसांत आलं नाही, तर त्यापुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा.

शेवटची मागणी संयुक्त पाहणीची. दोन्ही जिल्ह्यांचे उपअभियंते, दोन्ही ग्रामपंचायतींचे पदाधिकारी आणि तुम्ही, एकाच वेळी, पुलावर. त्यांना वेगवेगळ्या दिवशी नेऊ नका. पाहणीची टिपणी तिथेच लिहून घेऊन सगळ्यांच्या सह्या घ्या. तारीख गळीत हंगामातली मागा, वेळ सकाळी शाळा भरायची.