बसण्याआधी जेवण

"व्हिस्कीत साखर नसते, त्यामुळे मला चालते." मधुमेह असलेल्या मित्रांच्या तोंडून हे वाक्य कधी ना कधी ऐकू येतंच. त्यातला पहिला अर्धा भाग खरा आहे. पण इन्सुलिन किंवा काही ठरावीक गोळ्या घेणाऱ्याचा त्या रात्री घात होतो तो बहुधा साखर वाढून नव्हे, तर उतरून.

गोम यकृतात आहे. पोट रिकामं असताना रक्तातली साखर तेच सांभाळतं: आधी साठवणीतलं ग्लायकोजेन मोडतं, ते सरत आलं की लॅक्टेट, अमिनो आम्लं वगैरेंपासून नवी साखर बनवतं. दारू आली की ती फोडण्यात एनएडी नावाचं रसायन खर्ची पडतं आणि नेमकं तेच नव्या साखरेलाही हवं असतं. मग साखरेचा कारखाना मंदावतो. आपल्याकडच्या 30 मिलीच्या लहान पेगात साधारण 10 ग्रॅम अल्कोहोल असतं. तेवढं निपटायला यकृताला तास-सव्वा तास लागतो. "मी फक्त बिअर घेतो" म्हणणाऱ्यांसाठी सांगतो, 8 टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची 650 मिलीची बाटली म्हणजे असे चार पेग.

आता आपली 'बसण्याची' रीत बघा. साडेआठला सवयीने जेवणाआधीची ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी घेतली जाते. मग ग्लास, काकडी, मूठभर शेंगदाणे, गप्पा. जेवण अकराला, नाहीतर "आता भूकच नाही." गोळी स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेत असते, पोटात भाकरीचा तुकडा नाही आणि यकृत दारूत गुंतलेलं. साखर 70 च्या खाली गेली की घाम फुटतो, हात थरथरतात, जीभ जड होते, माणूस असंबद्ध बोलतो. तोंडाला वास असतोच. मंडळी म्हणतात, "चढलीय त्याला, झोपू द्या." इन्सुलिनवाल्यांची साखर तर दुसऱ्या दिवशी सकाळीही घसरू शकते.

मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या दुसऱ्या गोळीने, ती एकटीच घेतली तर, साखर सहसा अशी कोसळत नाही, पण त्यावर भरपूर दारू प्यायल्यास रक्तात लॅक्टिक आम्ल साचण्याचा धोका असतो.

म्हणून आधी जेवा, निदान सोबत तरी पोळी-भाकरी असू द्या. पुरुषांनी दिवसाला दोन लहान पेग, बायकांनी एक, त्यापुढे नाही. आणि ही कमाल मर्यादा आहे, रोजचा खुराक नव्हे. कोल्ड्रिंकऐवजी सोडा किंवा पाणी घ्या. यकृत किंवा स्वादुपिंडाचा आजार, वाढलेली ट्रायग्लिसराइड्स, पायांची बधिरता यांपैकी काही असेल तर ग्लास बाजूलाच ठेवा. गोळ्या-इन्सुलिनचं गणित आपल्या मनाने बदलू नका, डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा. झोपण्याआधी साखर तपासा, आणि सोबतच्या एकाला तरी आपला मधुमेह माहीत असू द्या.

कारण "चढलीय" की साखर उतरलीय, हे ग्लुकोमीटर काही सेकंदांत सांगतो. शुद्धीवर असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून पाजा, 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा आणि 108 ला फोन लावा.