स्पेनमध्ये एक सेमिस्टर: अर्ज कुठे करायचा, कागद कोणते लागतात

‘स्पेनला सहा महिने शिकायला जायचंय, अर्ज कुठे करू?’ असं विचारणारा विद्यार्थी बहुतेक वेळा तिकडच्या विद्यापीठाची वेबसाइट उघडून बसलेला असतो. तिथे त्याच्या हाती काही लागत नाही. एक्स्चेंजसाठी विद्यार्थी स्वतः प्रवेश घेत नाही, त्याला त्याचं कॉलेज पाठवतं. म्हणून पहिली खेप आपल्याच इंटरनॅशनल ऑफिसात मारायची आणि एकच विचारायचं: स्पेनमधल्या कोणत्या विद्यापीठाशी आपला करार आहे, आणि तो चालू आहे का? भिंतीवर फ्रेम करून लावलेले बरेच सामंजस्य करार मुदत संपलेले असतात.

करार दोन तऱ्हेचे असतात. साध्या द्विपक्षीय करारात तिकडची फी माफ होते. इथली फी मात्र भरत राहायची आणि राहण्याखाण्याचा खर्च आपला. दुसरा इरॅस्मस प्लसचा, म्हणजे युरोपीय संघाच्या एक्स्चेंज योजनेचा. इरॅस्मस १९८७ मध्ये युरोपातल्या देशांपुरतं सुरू झालं. २०१५ पासून भारतासारख्या देशांतल्या विद्यार्थ्यांनाही एका सेमिस्टरसाठी जाता येऊ लागलं. त्यात फी नाही, शिवाय स्पेनसाठी दरमहा ८५० युरोंची शिष्यवृत्ती आणि प्रवासखर्चाची ठरावीक रक्कम मिळते. इरॅस्मस मुंडुस ही वेगळी गोष्ट आहे. ती पूर्ण मास्टर्स पदवीसाठी असते आणि तिचा अर्ज विद्यार्थी थेट करतो. नावं सारखी असल्यामुळे दर वर्षी कोणीतरी चुकीच्या दारात उभं असतं.

पात्रतेत नागरिकत्वापेक्षा तुम्ही कोणत्या संस्थेत शिकता हे पाहिलं जातं. इरॅस्मस प्लसमध्ये पदवी, पदव्युत्तर आणि पीएचडी या प्रत्येक पातळीवर जास्तीत जास्त १२ महिने मिळतात. शिक्षणासाठी जायचं तर किमान दोन महिने. बाकीचे नियम कॉलेज ठरवतं: पहिलं वर्ष झालेलं असावं, केटी नसावी, अमुक सीजीपीए असावा. अर्जाला गुणपत्रिका, बोनाफाईड, एसओपी (का जायचंय हे सांगणारं निवेदन), सीव्ही, विभागप्रमुखांची शिफारस आणि भाषेचं प्रमाणपत्र जोडतात. शेवटचं सेमिस्टर शक्यतो टाळा. तिकडचा निकाल उशिरा आला की इथली पदवी लटकते आणि प्लेसमेंटवाले थांबत नाहीत.

भाषेचं आधी पाहून ठेवा. इंग्रजीतून शिकवले जाणारे विषय मिळतात, पण यादी विभागानुसार बदलते. बाकी वर्ग स्पॅनिशमध्ये आणि त्यासाठी बहुतेक ठिकाणी बी१ किंवा बी२ (युरोपीय मोजणीतली भाषेची मधली पातळी) मागतात. बार्सिलोना निवडणाऱ्यांनी प्रत्येक विषयापुढची भाषा वाचावी. तिथे पुष्कळ विषय कातालान या स्थानिक भाषेत शिकवतात आणि पुण्यात दोन वर्षं घोटलेली स्पॅनिश त्या वर्गात अर्धीच उपयोगी पडते.

लर्निंग अॅग्रीमेंट: सगळ्यात महत्त्वाचा कागद

कॉलेजने तुमचं नाव कळवलं (याला नॉमिनेशन म्हणतात; सप्टेंबरच्या सेमिस्टरसाठी साधारण एप्रिल-मे, फेब्रुवारीच्या सेमिस्टरसाठी सप्टेंबर-ऑक्टोबर) की तिकडून ऑनलाइन अर्जाची लिंक येते. त्यासोबत लर्निंग अॅग्रीमेंट भरायचं असतं. तिकडे कोणते विषय घेणार आणि ते इथल्या कोणत्या विषयांच्या जागी धरले जाणार, याचा हा करार. सह्या तीन: तुमची, आपल्या कॉलेजची, त्यांच्या विद्यापीठाची. मुलं हा फॉर्म घाईत उरकतात आणि सगळी शक्ती व्हिसावर घालवतात. माझ्या मते हे उलटं आहे. व्हिसा अडला तर तेव्हाच कळतं. लर्निंग अॅग्रीमेंटमध्ये राहिलेली चूक परत आल्यावर परीक्षा विभागाच्या खिडकीवर कळते.

युरोपात एका सेमिस्टरचे ३० ईसीटीएस (युरोपभरची सामाईक क्रेडिट पद्धत) क्रेडिट असतात. एक विषय साधारण ६ चा, म्हणजे पाच विषय. आपल्याकडे सेमिस्टर २०-२२ क्रेडिटचं. त्यांच्या एका क्रेडिटमध्ये घरी केलेला अभ्यास धरून २५ ते ३० तास मोजतात, आपण वर्गातले तास मोजतो. त्यामुळे ६ ईसीटीएस म्हणजे आपले किती क्रेडिट, हा दर जाण्यापूर्वी लेखी घ्या. ‘सर हो म्हणाले’ चालत नाही. सर बदलतात.

गुणांचंही तसंच. स्पेनमध्ये १० पैकी ५ ला पास, ७ पासून ‘नोताब्ले’, ९ पासून ‘सोब्रेसालिएन्ते’. साडेसात मिळाले तर तिकडे पाठ थोपटतात. तेच साडेसात इथे जसेच्या तसे ग्रेड पॉइंट म्हणून चढवले, तर चांगल्या विद्यार्थ्याचा सीजीपीए खाली येतो. रूपांतराचा तक्ताही करारासोबत जोडून घ्या.

समकक्षतेसाठी नुसतं विषयाचं नाव पुरत नाही. तिकडच्या प्रत्येक विषयाची ‘गिया दोसेन्ते’ नावाची पीडीएफ वेबसाइटवर असते. तास, घटक, संदर्भग्रंथ, मूल्यमापन, सगळं तिच्यात असतं. ती उतरवून, आपल्या अभ्यासक्रमाशेजारी ठेवून, जुळणारे घटक रंगवून विभागप्रमुखांकडे घेऊन गेलात तर सही एका बैठकीत होते. माझ्या ओळखीच्या एका आर्किटेक्चरच्या मुलीने इतकंच केलं होतं. तिच्यासोबत गेलेल्या मुलाने केलं नाही आणि पुढच्या वर्षी तो दोन विषय ज्युनिअर्सबरोबर पुन्हा देत होता.

नावाचा घोळ खास आपला आहे. समजा पासपोर्टवर गिव्हन नेम ‘सायली वसंत’, आडनाव ‘कुलकर्णी’. गुणपत्रिकेवर ‘कुलकर्णी सायली वसंत मीना’. स्पेनच्या फॉर्ममध्ये आडनावाचे दोन रकाने, कारण तिकडे माणूस वडिलांचं आणि आईचं अशी दोन्ही आडनावं लावतो. दुसरा रकाना रिकामा दिसला की आपली मुलं तिथे वसंत किंवा मीना घालतात आणि स्वीकृतीपत्र वेगळ्याच नावाने येतं. रकाना रिकामा ठेवा. पासपोर्टवर आहे तसंच, त्याच क्रमाने.

व्हिसा: १८० दिवसांची रेघ

महाराष्ट्र आणि गोव्याचे अर्ज मुंबईतल्या स्पॅनिश वाणिज्य दूतावासाकडे, व्हिसा अर्ज स्वीकारणाऱ्या बीएलएस कंपनीच्या केंद्रामार्फत जातात. ९० दिवसांपेक्षा जास्त राहायचं असल्याने पर्यटकांचा शेंगेन व्हिसा चालत नाही. विद्यार्थ्यांचा राष्ट्रीय व्हिसा लागतो.

मुक्काम १८० दिवसांपर्यंत असेल तर काम हलकं आहे. राष्ट्रीय व्हिसाचा फॉर्म, फोटो, दहा वर्षांच्या आत काढलेला आणि दोन पानं कोरी असलेला पासपोर्ट, स्वीकृतीपत्र, पैशांचा पुरावा, आरोग्यविमा. १८० च्या वर गेलात की पोलीस क्लिअरन्स आणि वैद्यकीय प्रमाणपत्रही लागतं, अपोस्टील (कागद परदेशात ग्राह्य धरण्यासाठीचा सरकारी शिक्का) आणि स्पॅनिश भाषांतरासह. शिवाय तिकडे उतरल्यावर महिन्याभरात परदेशी नागरिकांचं ओळखपत्र, टीआयई, काढायला पोलीस कार्यालयात बोटांचे ठसे द्यायला जायचं.

आता कॅलेंडर काढा. १ सप्टेंबर ते २८ फेब्रुवारी मोजा: १८१ दिवस. १ फेब्रुवारी ते ३१ जुलै: लीप वर्ष नसेल तर तेही १८१. विद्यापीठातल्या कोणीतरी ‘सहा महिने’ म्हणून महिन्याची पहिली आणि शेवटची तारीख घातली की एका दिवसासाठी तुम्ही दुसऱ्या रांगेत. वर्ग ८ सप्टेंबरला सुरू होऊन परीक्षा ३१ जानेवारीला संपत असतील तर ते १४६ दिवस होतात. पत्रावर त्याच नेमक्या तारखा मागून घ्या. विनंती केली तर पत्र बदलून देतात.

पैशांचा हिशेब ‘इप्रेम’ या सरकारी निर्देशांकावर चालतो. तो २०२३ पासून महिन्याला ६०० युरो आहे, म्हणजे पाच महिन्यांना ३,००० युरो. इरॅस्मसचे ८५० त्याच्या वर असल्याने रक्कम आणि महिने लिहिलेलं शिष्यवृत्तीचं पत्र मोठा आधार ठरतं. पालक खर्च करणार असतील तर त्यांचं नोटरी केलेलं हमीपत्र, बँक स्टेटमेंट, आयटी रिटर्न आणि नातं दाखवणारा जन्मदाखला. जन्मदाखल्यावरचं वडिलांचं नाव पासपोर्टशी जुळतं का, हे आजच कपाट उघडून पाहा. दुरुस्तीला पालिकेत वेळ जातो. शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता बऱ्याचदा पोहोचल्यावरच जमा होतो, तेव्हा पहिल्या महिन्याचं भाडं आणि डिपॉझिट घरून न्यायचं.

विम्यात सर्वाधिक अर्ज अडखळतात. एजंटकडची नेहमीची ट्रॅव्हल पॉलिसी पुरत नाही. स्पेनमध्ये काम करायची परवानगी असलेल्या कंपनीचा आणि तिथल्या सरकारी आरोग्यसेवेइतकं संरक्षण देणारा विमा हवा. तारखा पूर्ण मुक्कामाच्या हव्यात, तिकिटापेक्षा एक दिवसही कमी नको.

अर्ज वर्ग सुरू होण्याच्या किमान दोन महिने आधी द्या. पासपोर्ट तितके दिवस तिकडे अडकेल हे धरून चाला. गोव्यातल्या ज्या विद्यार्थ्यांकडे पोर्तुगालचा पासपोर्ट आहे त्यांना यातलं काही लागत नाही. मात्र तीन महिन्यांपेक्षा जास्त राहिलात तर युरोपीय नागरिक म्हणून नोंदणी करावी लागते.

पोहोचल्या आठवड्यात तिकडच्या ऑफिसकडून आगमनाच्या प्रमाणपत्रावर सही घ्या. एखादा विषय भरला किंवा वेळापत्रकात बसला नाही, तर लर्निंग अॅग्रीमेंट बदलायला पहिल्या काही आठवड्यांचीच मुभा असते. तेव्हाही तिन्ही सह्या पुन्हा लागतात. नुसता विषय बदलून गप्प बसू नका.

निघताना मुक्कामाच्या तारखांचं प्रमाणपत्र हातात घ्यायचं. गुणपत्रक, ज्याला ते ट्रान्सक्रिप्ट ऑफ रेकॉर्ड्स म्हणतात, निकालानंतर साधारण पाच आठवड्यांत थेट आपल्या कॉलेजला येतं. ते कोणाच्या ईमेलवर येणार हे विचारून ठेवा आणि आलं की प्रत काढून, लर्निंग अॅग्रीमेंट वर ठेवून, परीक्षा विभागात आवक-जावकच्या शिक्क्यासह द्या. शिक्क्याची पोच आपल्याकडे ठेवायची.