इलेक्ट्रॉनिक वैद्यकीय नोंदींमधील डेटाची गुणवत्ता

रुग्णालयाच्या संगणकात साठवलेली रुग्णाची माहिती ज्या कामासाठी वापरायची, त्या कामाला ती कितपत पुरी पडते, याला डेटाची गुणवत्ता म्हणतात. यातले ‘ज्या कामासाठी’ हे शब्द महत्त्वाचे. ‘मधुमेह, गोळ्या चालू’ एवढी नोंद बाह्यरुग्ण विभागात भागते; औषधाचा गुण तपासणाऱ्या संशोधकाला मात्र गोळीचे नाव, मात्रा आणि सुरू केल्याची तारीख लागते. डेटा ज्या हेतूने गोळा झाला त्याच हेतूसाठी वापरावा, असा कडक नियम डच संशोधक योहान व्हान डर लेइ यांनी १९९१ मध्ये मांडला. तो तंतोतंत पाळणे आज कोणालाच जमत नाही. उपचारासाठी लिहिलेल्या नोंदींवरच बिले, साथींचे सर्वेक्षण आणि संशोधन चालते.

निकोल वाइस्कॉफ आणि चुनहुआ वेंग यांनी २०१३ मध्ये गुणवत्तेचे पाच पैलू सांगितले : पूर्णता, अचूकता, सुसंगती, संभाव्यता (आकडा शक्य कोटीतला आहे का) आणि अद्ययावतता. यांतली संभाव्यता तपासणे सर्वांत सोपे, आणि फसवेही. रक्तदाबाच्या रकान्यात १२०० पडले तर संगणक लगेच अडवतो. पण दहा किलोच्या बाळाचे वजन पौंडांत २२ भरते, आणि तो आकडा किलोच्या रकान्यात गेला तर अडत नाही, कारण २२ किलोची मुले असतातच. वजनावरून ठरणारी औषधाची मात्रा मात्र दुपटीहून जास्त निघते. वजन वयाशी ताडून पाहिले तरच ही चूक सापडते.

काही दोष एका नोंदीत दिसत नाहीत, ढिगात दिसतात. पाऱ्याच्या रक्तदाबमापकावर खुणा दोन-दोनच्या अंतराने असतात. म्हणजे शून्यावर संपणारे आकडे साधारण पाचांत एक यावेत. हाताने घेतलेल्या मापांत ते बरेच जास्त असतात, कारण मोजणारा १२८ चे सहज १३० करतो. वेळेचेही तसेच. सहाला दिलेल्या इंजेक्शनची नोंद परिचारिकेच्या कामाची पाळी संपताना पावणेआठला झाली, तर ‘दिल्याची वेळ’ आणि ‘नोंदवल्याची वेळ’ वेगळ्या न ठेवणाऱ्या प्रणालीत इंजेक्शन पावणेआठचेच ठरते.

कॉपी-पेस्ट ही कागदी केसपेपरवर नसलेली व्याधी. कालची टिपणी आज उचलून थोडी बदलायची, ही सवय कामाच्या रेट्यातून येते. मग ‘शस्त्रक्रियेनंतरचा दुसरा दिवस’ हे वाक्य सलग चार दिवस दिसते. वाचणाऱ्याला ते हास्यास्पद वाटेल. पण त्याच परिच्छेदातली ‘ताप नाही’ ही ओळ आजची की परवाची, हे कसे ओळखणार?

सर्वांत कठीण प्रश्न रिकाम्या रकान्यांचा. तपासणी केली नाही, केली पण नोंदवली नाही, की दुसऱ्या रुग्णालयात झाली, हे रिकामा रकाना सांगत नाही. त्यातून आजारी माणसाच्या तपासण्या जास्त होतात, म्हणून फक्त भरगच्च नोंदी निवडल्या तर अभ्यासात आजारीच माणसे उरतात. बोस्टनमधल्या दोन रुग्णालयांच्या नोंदींवरचा २०१८ चा अभ्यास बोलका आहे : रुग्ण तीन वर्षे जगेल का, याचा अंदाज अनेक तपासण्यांच्या बाबतीत निकालापेक्षा तपासणी कोणत्या वेळी सांगितली यावरून अधिक चांगला येत होता. रात्री तीनला रक्त तपासायला सांगणारा डॉक्टर आधीच चिंतेत असतो. हा डेटा शरीराबद्दल बोलतो तितकाच रुग्णालयाच्या वागण्याबद्दलही बोलतो.

निदानांसाठी आयसीडी, प्रयोगशाळेच्या तपासण्यांसाठी लॉइंक, देवाणघेवाणीसाठी फायर अशा प्रमाण पद्धतींनी नोंदींची भाषा एक होते; चुकीचे निदान मात्र अचूक संकेतांकासह पुढे जाऊ शकते. तिथे रुग्णाचाच उपयोग होतो. अमेरिकेत २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणात आपल्या टिपण्या वाचणाऱ्या दर पाचांपैकी सुमारे एका रुग्णाने त्यांत चूक असल्याचे सांगितले. दुरुस्ती करताना मूळ मजकूर सहसा पुसत नाहीत, सुधारित नोंद जोडतात. तोवर जुनी ओळ पुढच्या टिपण्यांत उतरलेली असेल, तर ती प्रत्येक ठिकाणी वेगळी शोधावी लागते.